कमिट हिस्टरीतून स्वतःची माहिती काढताय? आधी क्रम बघा

नाशिकच्या आमच्या डेव्हलपर ग्रुपवर दर एक-दोन महिन्यांनी गिटहबबद्दल (गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलने जपलेला कोड ऑनलाइन ठेवायची साइट) तोच मेसेज पडतो, "गिटहबवर ईमेल प्रायव्हेट केला तरी लोकांना माझा मेल मिळतोय कसा?" मग कोणीतरी त्याच्या पब्लिक रिपोतला (सगळ्यांना दिसणाऱ्या प्रोजेक्टमधला) एखादा कमिट, म्हणजे गिटने नोंदवलेला कोडमधला बदल, उघडतं, अॅड्रेस बारमधल्या लिंकच्या शेवटी .पॅच लावून एंटर मारतं आणि दुसऱ्याच ओळीत त्याचं पूर्ण नाव आणि ऑफिसचा ईमेल. लॉगिनसुद्धा लागत नाही.

मी स्वतः हे करून बसलोय. पहिल्या नोकरीत ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचा प्रोजेक्ट लिहायचो, दीड वर्षाचे सगळे कमिट ऑफिसच्या ईमेलने गेले, नोकरी सोडली आणि तो मेलबॉक्स बंद. तेव्हा कळलं की उद्या तो पत्ता ज्याच्या हातात जाईल तो आपल्या अकाउंटला तो जोडून घेऊ शकतो आणि माझे कमिट त्याच्या नावावर दिसतील.

बहुतेकांचं घोडं अडतं ते क्रमावर. आधी जुनी हिस्टरी, म्हणजे मागचे सगळे कमिट, साफ करतात, मग दुसऱ्या दिवशी घरच्या पीसीवरून जुन्याच ईमेलने कमिट मारतात, नाहीतर टीममधला एखादा जुन्या क्लोनवरून (स्वतःच्या मशीनवरच्या रिपोच्या प्रतीवरून) पुश करतो, म्हणजे कमिट सर्व्हरवर चढवतो, आणि सगळं परत येतं. म्हणून आधी गळती बंद आणि मग फरशी पुसायची.

कमांड खाली देवनागरीत लिहिल्यात, फोनवर सांगतो तशाच. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत टाइप करा, मी वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत, आणि डॅश-डॉट आहेत तिथेच ठेवा.

टप्पा १ : कीबोर्डला हात लावायच्या आधी

एका कमिटमध्ये माणसाची माहिती दोनदा बसते. एक ऑथर, म्हणजे कोड लिहिणारा, आणि दुसरा कमिटर, म्हणजे तो कमिट शेवटचा बनवणारा. दोघांचंही नाव, ईमेल, वेळ आणि टाइमझोन. साध्या गिट लॉगमध्ये फक्त ऑथर दिसतो त्यामुळे लोक तेवढाच बदलतात आणि कमिटरमध्ये जुना पत्ता तसाच राहतो. खात्री करायची तर कुठल्याही रिपोत "गिट लॉग --फॉरमॅट=फुलर" मारून बघा.

आता ठरवा की लपवायचं कोणापासून. स्पॅम आणि रिक्रूटरचा वैताग एवढंच असेल तर टप्पा ३ केला तरी पुढचं बरंचसं थांबतं, जुनं खणायची गरजच नाही. पण मागे लागलेलं कोणी असेल किंवा खरं नाव आणि हे अकाउंट जोडलं जाणं धोक्याचं असेल, तर सगळे टप्पे करा आणि टप्पा ८ आधी वाचून घ्या, कारण एकदा पब्लिक झालेलं परत आणता येईलच असं नाही.

मग यादी करा, कागदावर केली तरी चालेल. कुठल्या कुठल्या मशीनवरून कमिट करता? ऑफिसचा लॅपटॉप, घरचा पीसी, कॉलेजच्या लॅबमधला पीसी, फोनवरचं टर्मक्स, डॉकरचा कंटेनर. विंडोजवाल्यांनी एक लक्षात घ्या, विंडोजमधलं गिट आणि डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्ये चालणाऱ्या लिनक्सच्या) आतलं गिट यांचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, वेगवेगळं असतं, एका ठिकाणी बदललं म्हणजे दुसरीकडे बदलत नाही. यावर निम्मे लोक फसतात.

रिपोत अजून कोणी असेल तर त्यांना आधी सांगा, उघडे पुल रिक्वेस्ट (माझे बदल घ्या अशा विनंत्या) मर्ज करून, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळून, घ्या किंवा बंद करा, आणि एक वेळ ठरवा, समजा शनिवारी रात्री ९ नंतर कोणीच पुश करायचं नाही. न सांगता हिस्टरी बदलली की सोमवारी सकाळी सगळी टीम तुमच्या टेबलापाशी.

शेवटचं म्हणजे बॅकअप. "गिट क्लोन --मिरर" आणि रिपोचा पत्ता. हे फोल्डर पेनड्राइव्हवर टाका आणि त्याला हात लावू नका.

⚠ पासवर्ड किंवा एपीआय की कमिटमध्ये गेली असेल तर हा लेख इथेच थांबवा, आधी ती की रद्द करून नवी घ्या. हिस्टरी साफ करण्यात तुमचा तास जाईल तेवढ्यात बॉट ती उचलून वापरतो. आधी की, मग हिस्टरी.

टप्पा २ : नक्की काय काय सांडलंय ते मोजा

बरेच जण "गिट शॉर्टलॉग -एसएनई --ऑल" मारतात, नाव-ईमेलची यादी येते आणि खूष होतात. पण ही कमांड रिपोतली .मेलमॅप नावाची फाइल वाचते आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे जुन्या ईमेलच्या जागी नवा दाखवते. म्हणजे आत घाण तशीच आणि यादी मात्र स्वच्छ. शिवाय ती फक्त ऑथर मोजते, कमिटर हवा तर -सी वेगळं लावावं लागतं.

त्यापेक्षा "गिट लॉग --ऑल" ला --फॉरमॅट द्या आणि त्यात टक्का-ए-एन, टक्का-ए-ई, टक्का-सी-एन, टक्का-सी-ई हे चार टाका, सगळी अक्षरं लहान. शेवटचं अक्षर कॅपिटल केलंत की परत मेलमॅप लागू होतो. पुढे पाइप देऊन "सॉर्ट -यू" लावलं की एकेक जोडी एकदाच दिसते. माझ्या रिपोत मला दोन वाटले होते आणि निघाले पाच ईमेल, त्यातला एक तर लॅपटॉपचंच नाव होता, शेवटी डॉट लोकल. ईमेल सेट नसेल तर गिट तुमचं लॉगिन नाव आणि मशीनचं नाव जोडून स्वतःच पत्ता बनवतं, आणि मॅकवर ते चालूनही जातं.

अजून तीन जागा बघायच्या.

टॅग, म्हणजे एखाद्या कमिटला दिलेलं नाव. अॅनोटेटेड टॅगमध्ये टॅग करणाऱ्याचं नाव-ईमेल वेगळं साठवलेलं असतं.

कमिट मेसेज. साइन्ड-ऑफ-बाय आणि को-ऑथर्ड-बाय या ओळींमध्ये ईमेल साध्या मजकुरात असतो. "गिट लॉग --ऑल --ग्रेप=" आणि पुढे जुना ईमेल.

फाइलच्या आतला मजकूर. "गिट लॉग --ऑल -एस" आणि ईमेल, इथला एस कॅपिटल. पॅकेज डॉट जेसनमधलं ऑथर फील्ड, लायसन्स फाइल, रीडमीतला फोन नंबर, ज्युपिटर नोटबुकच्या आउटपुटमध्ये आलेला सी ड्राइव्ह, युजर्स आणि पुढे तुमचं पूर्ण नाव असला पाथ, हे सगळं असंच सापडतं. तुमचं नाव, आडनाव, मशीनचं नाव आणि मोबाइल नंबर, चारही शोधा.

फोटो विसरू नका. दिंडोरीकडचा एक पोरगा द्राक्षाच्या फवारणीचं वेळापत्रक दाखवणारं अॅप करत होता, सँपल म्हणून घरच्याच बागेतल्या पानांचे फोटो टाकले, आणि फोटोत जीपीएस चालू. बागेचं आणि घराचं लोकेशन पब्लिक रिपोत. ईमेल त्याने व्यवस्थित लपवला होता बरं का.

✔ चेक : जे सापडलं ते सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये, रिपोच्या बाहेर. पुढे ती लागणार आहे.

टप्पा ३ : गळती बंद करा

गिटहबवर सेटिंग्ज, त्यात ईमेल्स. तिथे ईमेल प्रायव्हेट ठेवायचा चेकबॉक्स आहे, तो लावला की खाली एक नोरिप्लाय पत्ता दिसतो, आधी आकडा, मग अधिकचं चिन्ह, मग तुमचं युजरनेम आणि पुढे युजर्स डॉट नोरिप्लाय डॉट गिटहब डॉट कॉम. तो जसाच्या तसा कॉपी करा, हाताने टाइप करू नका. १८ जुलै २०१७ च्या आधीच्या काही अकाउंटना आकडा नसलेला पत्ता मिळालेला आहे, तो चालतो, पण युजरनेम बदललं की त्या पत्त्याचे जुने कमिट तुमच्या प्रोफाइलपासून तुटतात. आकडावाल्याला हा त्रास नाही.

आणि हो, त्या पत्त्यात तुमचं युजरनेम असतंच. युजरनेमच आडनाव आणि जन्मसाल असेल तर एवढी धडपड कशासाठी, आधी ते बदला.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. हा चेकबॉक्स वेबसाइटवर केलेल्या एडिट आणि मर्जसाठी असतो. तुमच्या लॅपटॉपवरच्या गिटला त्याची खबरही नसते. तिथे वेगळं सांगावं लागतं :

"गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.ईमेल" आणि पुढे तो नोरिप्लाय पत्ता.

"गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम" आणि पुढे टोपणनाव, खरं नाव द्यायचं नसेल तर. गिटला खऱ्या नावाशी काही देणंघेणं नाही.

"गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.युजकॉन्फिगओन्ली ट्रू". ही ओळ कोणीच लावत नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाची हीच आहे. हिच्यामुळे ईमेल सेट नसेल तिथे गिट स्वतःच्या मनाने पत्ता बनवत नाही, कमिटच थांबवतं.

त्याच पानावर दुसरा चेकबॉक्स आहे, खासगी ईमेल उघड करणारा पुश अडवायचा. तोही लावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. तो पुशमधला सगळ्यात ताजा कमिट तपासतो आणि तुमच्या अकाउंटला जोडलेले ईमेल असतील तरच अडवतो. ऑफिसचा पत्ता अकाउंटला कधी जोडलाच नसेल तर तो आरामात निघून जातो, आणि मधल्या कमिटमध्ये काही दडलेलं असेल तर तेही.

गिटलॅबवर प्रोफाइलमध्ये कमिट ईमेल निवडायची जागा आहे, तिथे प्रायव्हेट पर्याय घेतला की त्यांचाही तसाच नोरिप्लाय पत्ता मिळतो. एका साइटचा पत्ता दुसरीकडे वापरला तर काही फुटत नाही, फक्त कमिट तुमच्या प्रोफाइलला जोडला जात नाही.

ऑफिस आणि घर एकाच मशीनवर असेल तर

गंगापूर रोडपासून अंबडपर्यंत जो तो एकाच लॅपटॉपवर दोन्ही करतो, त्यामुळे हे सविस्तर सांगतो. होम फोल्डरमधल्या .गिटकॉन्फिगमध्ये इन्क्लूडइफ नावाचा सेक्शन टाकता येतो, त्यात गिटडिर म्हणून फोल्डरचा पाथ द्यायचा आणि खाली दुसऱ्या कॉन्फिग फाइलचा पाथ. म्हणजे ऑफिस नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या रिपोंना ऑफिसचा ईमेल, बाकी सगळ्यांना नोरिप्लाय. उलटं करू नका, डीफॉल्ट कायम नोरिप्लायच ठेवा, म्हणजे चुकलात तरी आपला पत्ता फुटत नाही, फार तर ऑफिसच्या रिपोत एक विचित्र कमिट दिसेल आणि कोणीतरी हसेल.

यात चुका तीनच होतात पण त्याच त्याच :

पाथच्या शेवटचा स्लॅश विसरतात. स्लॅश नसेल तर आतले रिपो त्यात धरले जात नाहीत.

इन्क्लूडइफ वर आणि युजर सेक्शन खाली लिहितात. कॉन्फिग वरून खाली वाचलं जातं आणि शेवटचं जिंकतं, म्हणून इन्क्लूडइफ खालीच हवं.

तपासायला रिपोच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये उभे राहतात आणि मग म्हणतात चालत नाही. रिपोच्या आत जाऊन बघा.

✔ चेक : प्रत्येक मशीनवर, प्रत्येक चालू रिपोच्या आत "गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन युजर.ईमेल". पत्ता कुठल्या फाइलमधून आला ते सांगतं. रिपोच्या आतल्याच .गिट/कॉन्फिगचं नाव आलं तर तिथे कधीतरी लोकल सेटिंग केलेलं आहे आणि ते ग्लोबलच्या वर बसलंय, "--अनसेट" मारून काढा. हे सगळं बरोबर असूनही कमिट जुन्या पत्त्याने जात असेल तर गिट_ऑथर_ईमेल, गिट_कमिटर_ईमेल (सगळी अक्षरं कॅपिटल, मध्ये अंडरस्कोर) असले एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल बघा, ते कॉन्फिगलाही मागे टाकतात.

मग एक रिकामा कमिट करून बघा, "गिट कमिट --अलाउ-एम्प्टी -एम चाचणी", त्यावर फुलर फॉरमॅटचा लॉग. ऑथर, कमिटर दोन्ही नवे दिसले की "गिट रीसेट --सॉफ्ट हेड~१", इथे हेड कॅपिटल. पुश करू नका.

टप्पा ४ : अजून पुश न केलेले कमिट

हे सोपं आहे, चहा निवायच्या आत होतं. शेवटचा एकच कमिट असेल तर "गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर --नो-एडिट". चार-पाच असतील तर "गिट रीबेस -आय हेड~५ --एक्झेक" आणि कोट्समध्ये वरचीच अमेंड कमांड, हेड इथेही कॅपिटल.

⚠ इथे दोन खड्डे आहेत. टप्पा ३ न करता हे केलंत तर अमेंडनंतर कमिटरमध्ये परत जुनाच ईमेल बसतो, कारण कमिटर नेहमी आत्ताच्या कॉन्फिगमधून येतो. आणि रीसेट-ऑथर मधल्या सगळ्या कमिटचा ऑथर तुम्हालाच करून टाकतं, मित्राचा कमिट त्यात असेल तर त्याची मेहनत तुमच्या नावावर. त्याने पाहिलं तर मिसळ तुमच्याकडून. शिवाय ऑथरची वेळही आत्ताची होते, हे हवं असेल तर बरंच, नको असेल तर लक्षात ठेवा.

टप्पा ५ : पुश झालेली सगळी हिस्टरी

थांबा, आधी एक प्रश्न. ही हिस्टरी हवीच आहे का? एकट्याचा प्रोजेक्ट, कॉलेजचं असाइनमेंट, स्टार दोन आणि त्यातला एक स्वतःचा, असं असेल तर जुना रिपो डिलीट करा, फोल्डरमधलं .गिट काढून टाका, नवा रिपो करा, एक कमिट. दहा मिनिटं. पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही, फक्त टप्पा ७ मधलं शेवटचं बघा. लोक उगाच शौर्य दाखवायला हिस्टरी वाचवत बसतात.

हिस्टरी हवी असेल तर गिट-फिल्टर-रिपो वापरा. जुनी फिल्टर-ब्रँच वापरू नका, गिटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच तिच्याऐवजी फिल्टर-रिपो सुचवतं. ही गिटसोबत येत नाही, "पिप इन्स्टॉल गिट-फिल्टर-रिपो" करून घ्यावी लागते.

१. नवा ताजा क्लोन घ्या, रोजच्या कामाच्या फोल्डरमध्ये करू नका. ताजा क्लोन नसेल तर टूल नकार देतं आणि मग लोक --फोर्स लावतात. तो नकार तुमच्या भल्यासाठी आहे, कामाच्या फोल्डरमधले अर्धवट बदल आणि स्टॅश (बाजूला काढून ठेवलेले बदल) यात जाऊ शकतात. डिस्कवरच्याच फोल्डरवरून क्लोन करत असाल तर --नो-लोकल लावा.

२. मेलमॅप फाइल लिहा. एका ओळीत नवं नाव, मग अँगल ब्रॅकेटमध्ये नवा ईमेल, मग अँगल ब्रॅकेटमध्ये जुना ईमेल. टप्पा २ मध्ये सापडलेल्या प्रत्येक जुन्या पत्त्याला एक ओळ, ते डॉट लोकलवालंही.

⚠ ही फाइल रिपोच्या बाहेर ठेवा. .मेलमॅप म्हणून रिपोत कमिट केलीत तर कमिटमधलं काही बदलत नाही, फक्त यादी दाखवताना नाव बदलून येतं, आणि वर तुमचे सगळे जुने पत्ते एकाच फाइलमध्ये, नव्या नावाशेजारी, व्यवस्थित लावून जगाला वाचायला मिळतात. लपवायला गेलात आणि बोर्ड लावून आलात.

३. "गिट फिल्टर-रिपो --मेलमॅप" आणि त्या फाइलचा पाथ. ऑथर, कमिटर आणि टॅग करणारा, तिन्ही बदलतात.

४. मेसेजमधल्या साइन्ड-ऑफ-बायला मेलमॅप हात लावत नाही. त्यासाठी --रिप्लेस-मेसेज, आणि फाइलच्या आतल्या मजकुरासाठी --रिप्लेस-टेक्स्ट. दोन्हीला एक साधी फाइल द्यायची, प्रत्येक ओळीत जुना मजकूर, मग बरोबरचं चिन्ह दोनदा आणि मोठं-चं चिन्ह, मग नवा मजकूर. आडनाव शोधून बदलताना जपून, आडनाव "काळे" असेल आणि कोडमध्ये रंगाचं नाव म्हणून "काळे" असेल तर तेही बदलेल.

५. जीपीएसवाले फोटो, .एन्व्ह फाइल (गुप्त सेटिंगची) असलं काही पूर्णच काढायचं असेल तर --इन्व्हर्ट-पाथ्स सोबत --पाथ आणि फाइलचं नाव. फाइलचं नाव मध्ये कधी बदललं असेल तर जुनं नावही द्या, नाहीतर जुन्या नावाखाली ती तशीच राहते.

या सगळ्यानंतर प्रत्येक कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख असलेला आकडे-अक्षरांचा कोड, बदललेला असतो. इश्यूमध्ये, रिलीज नोटमध्ये जिथे जुने हॅश लिहिलेत ते निरुपयोगी झाले असं धरा. सही केलेले कमिट असतील तर जुन्या सह्या गेल्या. आणि नव्याने सही करताना जीपीजी कीमध्ये (सही करायच्या किल्लीत) तुमचं खरं नाव-ईमेल तर नाही ना तेही बघा, पब्लिक कीमध्ये ते उघड दिसतं.

टप्पा ६ : वेळ आणि टाइमझोन

ईमेलच्या नादात हे कोणी बघत नाही. प्रत्येक कमिटमध्ये +०५३० असतं, म्हणजे भारत किंवा श्रीलंका, आणि सहा महिन्यांच्या वेळा पाहिल्या की तुम्ही कधी उठता, कधी जेवता, ऑफिसच्या वेळेत कोणता घरचा प्रोजेक्ट चालतो ते सगळं कळतं. रात्री दोनला कमिट मारणाऱ्यांनी उगाच घाबरू नका, पण हे माहीत असू द्या.

पुढच्या कमिटसाठी शेलमध्ये कमिट करताना टीझेड=यूटीसी लावायचं, दोन्ही कॅपिटल, अलियास करून टाका. जुन्यांसाठी फिल्टर-रिपोला --कमिट-कॉलबॅक (प्रत्येक कमिटवर चालणारा पायथनचा तुकडा) देता येतो, त्यात ऑथर_डेट आणि कमिटर_डेट (मध्ये डॅश नाही, अंडरस्कोर) या दोन्हींमधलं +०५३० बदलून +०००० करायचं. गिट वेळ सेकंदात साठवतं आणि टाइमझोन शेजारी वेगळा लिहितं, म्हणून नुसता टाइमझोन बदलल्याने खरी वेळ हलत नाही. पायथनमध्ये हे बाइट्स म्हणून येतं, स्ट्रिंगच्या आधी बी विसरलात तर एरर.

पण हे अर्धंच झाकणं आहे. सकाळी १० ते संध्याकाळी ७ काम करणाऱ्याचे कमिट यूटीसीत साडेचार ते दीड दिसतील, आणि ज्याला हिशोब करायचाय तो करेल. खरंच गरज असेल तर दिवसभराचं काम एकदाच, एका ठरलेल्या वेळेला कमिट करा. बाकीच्यांनी इतकं डोकं लावू नका.

✔ पुश करायच्या आधीचा चेक : टप्पा २ मधलं सगळं परत एकदा, याच साफ केलेल्या फोल्डरमध्ये. चारही कॉलममध्ये जुनं काही नको. टॅग, मेसेज, मजकूर तिन्ही परत. आणि प्रोजेक्ट बिल्ड होतो का ते चालवून बघा, रिप्लेस-टेक्स्टने कुठे काय मोडलंय कोण जाणे.

टप्पा ७ : पुश आणि बाकीचे लोक

फिल्टर-रिपो ओरिजिन, म्हणजे सर्व्हरवरच्या रिपोचा पत्ता, काढून टाकतं, चुकून पुश होऊ नये म्हणून. लोक इथे घाबरतात. "गिट रिमोट अॅड ओरिजिन" करून पत्ता परत द्या. मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) असा पुश अडवणारं प्रोटेक्शन असेल तर तेवढ्यापुरतं काढा, मग "गिट पुश --फोर्स --ऑल ओरिजिन" आणि नंतर "गिट पुश --फोर्स --टॅग्ज ओरिजिन". दुसरी कमांड विसरली की जुने टॅग जुन्या कमिटना धरून बसतात आणि सगळी जुनी हिस्टरी त्यांच्या मागे जिवंत राहते. प्रोटेक्शन परत लावा.

आता टीमला एकच निरोप : जुनं फोल्डर बाजूला ठेवा, नवा क्लोन घ्या. "पुल करून चालेल ना?" असं कोणीतरी विचारणारच. नाही चालणार. पुल केलं की जुनी आणि नवी हिस्टरी मर्ज होते, त्याने पुश केलं की सगळे जुने ईमेल परत वर, आणि प्रत्येक कमिट दोनदा. अर्धवट काम राहिलं असेल तर त्याचा पॅच काढून नव्या क्लोनवर लावा.

विकी वेगळा गिट रिपो असतो, गिस्टही (गिटहबवर टाकलेले कोडचे सुटे तुकडे). ते या साफसफाईत येत नाहीत, त्यांना वेगळं करावं लागतं. नवा रिपो करणाऱ्यांनीही हे बघा, जुना रिपो डिलीट केला तरी गिस्ट राहतात.

टप्पा ८ : जे हातात नाही ते

फोर्स पुशनंतरही गिटहबवर जुना कमिट त्याचा हॅश माहीत असेल तर उघडता येतो. पुल रिक्वेस्टचे रेफ (कमिटकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) तर तुम्हाला बदलताच येत नाहीत, म्हणूनच मिरर पुश केला की तिथे नकार मिळतो. यासाठी गिटहब सपोर्टला लिहावं लागतं, रिपोचं नाव आणि कुठल्या पुल रिक्वेस्टमध्ये जुने कमिट आहेत ते द्यायचं. ज्यांनी फोर्क केलंय (आपल्या अकाउंटवर रिपोची प्रत घेतलीय) त्यांच्याकडे जुनी हिस्टरी तशीच आहे, त्यांना विनंती करा, चार असतील तर होतं, चाळीस असतील तर नाद सोडा.

सॉफ्टवेअर हेरिटेजसारखे संग्रह पब्लिक कोड जपून ठेवतात, तुमचा रिपो त्यांनी आधीच उचलला असेल तर तिथेही प्रत असेल, त्यांच्याकडे वेगळं लिहावं लागेल. आणि ज्या बॉटने ईमेल गोळा करून यादीत टाकला त्याला कुठे गाठणार. म्हणून ज्याचा धोका मोठा आहे त्याने जुना ईमेल जळालेला समजावा, बँक आणि कामाच्या गोष्टी त्यावरून हलवाव्यात.

अजून एक उलटा उपाय लोक करतात, जुना ईमेल गिटहब अकाउंटमधून काढून टाकतात आणि समजतात की लपला. कमिटमध्ये तो तसाच राहतो, फक्त प्रोफाइलवरचे रोजच्या कमिटचे हिरवे चौकोन गायब होतात. हिस्टरी साफ होऊन नवे कमिट प्रोफाइलला जोडलेले दिसले की मगच काढा.

टप्पा ९ : बाहेरून बघा

ज्या मशीनवर हे सगळं केलं तिथे तपासू नका, तिथे सगळं छानच दिसतं. दुसऱ्या मशीनवर किंवा निदान दुसऱ्या फोल्डरमध्ये इंटरनेटवरून नवा क्लोन घ्या आणि टप्पा २ ची यादी परत चालवा. ब्राउझरमध्ये लॉगआउट करून दोन-तीन जुन्या तारखांचे कमिट उघडा, शेवटी .पॅच लावा. वेबवरून एखादी फाइल एडिट करून तो कमिटही बघा, तिथे ऑथर नोरिप्लाय आणि कमिटर गिटहब असं दिसलं पाहिजे.

आठवड्याने परत एकदा. कारण तेवढ्यात कोणीतरी जुन्या क्लोनवरून पुश केलेलं असतंच. आमच्याकडे तो मीच होतो, कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर रिपो पडला होता आणि यादी करताना तो लॅपटॉप लिहायचाच राहून गेला.

कॉलेजच्या लॅबमध्ये बसत असाल तर तिथलं ग्लोबल कॉन्फिग बघायची सवय लावा, आधीच्या बॅचच्या कोणाचं तरी नाव-ईमेल त्यात असतं आणि सेमिस्टरभर तुमचे कमिट त्याच्या नावाने जातात. तिथे --ग्लोबल न लावता रिपोच्या आतच ईमेल सेट करा, आणि उठताना रिपोचं फोल्डर डिलीट करा.